चुंबकाची वही

आमच्या घरात सगळं तांबडं होतं. उशांचे अभ्रे, आईच्या लुगड्याचे काठ, अण्णांच्या कानांच्या पाळ्या, पाण्याच्या माठाचं झाकण. गेरूची भुकटी इतकी बारीक असते की ती दार लावल्यानं अडत नाही. शेडमधून अण्णा घरी आले की आधी अंगणात उभे राहून कपडे झटकायचे, मग नळाखाली हात-पाय धुवायचे, आणि तरीही जेवताना भाकरीवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटायचे. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुरुवारी येसराची आमटी, आणि या सगळ्यावर लवंग-कापराची हलकी चव. पाहुण्यांना वाटायचं आई आमटीत लवंग फार टाकते. आम्हाला ती चव जाणवतच नव्हती. लग्न होऊन मी दुसऱ्या घरी गेले तेव्हा पहिले कितीतरी दिवस मला तिथलं जेवण बेचव लागलं, त्याचं कारण पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

आम्ही दंतमंजन करत होतो. म्हणजे करत आम्ही होतो, पण ते आमचं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, बिडकीनकडच्या शेतकऱ्याचे धाकटे चिरंजीव. शेत थोरल्याकडं ठेवून ते वाळूजच्या एमआयडीसीत आले, एक शेड घेतली आणि मुंबईच्या एका कंपनीचं काम धरलं. त्या कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. घरात आम्ही त्यांना ‘मुंबईवाले’ म्हणायचो. रिकामे पत्र्याचे डबे मुंबईहून यायचे, त्यावर हसऱ्या मुलीचं चित्र मुंबईत छापलेलं असायचं, आणि एक सुगंधी मसाल्याचं सीलबंद पोतं यायचं, ज्यात काय आहे ते अण्णांनाही माहीत नव्हतं. बाकी गेरू, सुंठ, मिरी, लवंग आणायची, दळायची, चाळायची, मिसळायची, भरायची आणि ट्रक रवाना करायचा, हे आमचं. “डबा त्यांचा, नाव त्यांचं, हात आपला,” असं अण्णा म्हणायचे, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. आमच्या ओळीतल्या एकाही शेडला स्वतःचं नाव नव्हतं. शेजारचे रझाकभाई कुणाच्या तरी स्कूटरचा एक ब्रॅकेट ठोकायचे, पलीकडचे कुणाच्या तरी शाम्पूची टोपणं काढायचे. दिवसभर प्रेसचा ठाक-ठाक आवाज आणि त्यात आमच्या गिरणीची घरघर. गिरणी रिकामी फिरायला लागली की तिचा सूर चढायचा आणि घरी भाकरी थापत बसलेल्या आईला वाटायचं तिला तो दोन गल्ल्या ओलांडून ऐकू येतो.

बजाजनगरातल्या आमच्या शेजारीणबाई तर कमाल होत्या. आई त्यांना भरताना सांडलेलं मंजन कागदात बांधून द्यायची. त्या ते घ्यायच्या आणि भांडी घासायला वापरायच्या. दातांना मात्र दुकानातून डबा आणायच्या. “तुमचं बी चांगलंय वहिनी,” त्या आईला समजावायच्या, “पण डब्यातल्याची सर नाही येत.” आई हसून हसून बेजार व्हायची.

मी तेव्हा बारावी होऊन बी.एस्सी.ला गेले होते. सकाळी बसनं कॉलेज, बारापर्यंत परत, जेवून शेडवर. मला लहानपणापासून याद्यांचं वेड. दिवाळीच्या फराळाची यादी, वाण्याची यादी, कोणत्या पाहुण्याला कोणतं ताट वाढलं त्याची यादी. भाऊ मला चिडवायचा की ही मरताना सुद्धा सोबत न्यायच्या सामानाची यादी करील. अण्णांनी हे ओळखलं आणि शेडच्या सगळ्या वह्या माझ्याकडं दिल्या. त्यातली एक होती चुंबकाची वही.

तिचं असं होतं. गिरणीच्या पोटात लोखंडी हातोडे असतात. ते मिरी-सुंठ कुटतात आणि हळूहळू स्वतःही झिजतात. कधी एखादा कपचा उडाला तर तो मंजनात जाऊ नये म्हणून खाली तारेची चाळण, आणि चाळणीखाली चुंबकाच्या पट्ट्या. दर दोन तासांनी पट्टी ओढून बाहेर काढायची, पांढऱ्या फडक्यानं पुसायची, फडकं उजेडात धरून बघायचं. काही सापडलं तर वहीत लिहायचं, गिरणी थांबवायची आणि आधीच्या दोन तासांत भरलेला माल बाजूला काढायचा. काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. शेवटच्या रकान्यात बघणाऱ्याची सही. हा नियम मुंबईवाल्यांचा होता आणि चांगला होता. आजही मी तो चांगलाच म्हणते.

चुंबक बघायचं काम कमलबाईचं. शेडवर सहा बायका होत्या, त्यात कमलबाई सगळ्यात जुनी. पस्तिशीची असेल, बांध्यानं किरकोळ, बोलणं तुटक, नजर भलती तीक्ष्ण. तिचा नवरा नव्हता, दोन मुलं बजाजनगरच्या शाळेत होती, आणि आमच्या शेडवरचं काम एवढाच तिचा आधार होता. अण्णांना ती अण्णा म्हणायची आणि मला, तिच्या निम्म्या वयाच्या पोरीला, ताई. तिला लिहिता येत नव्हतं. सही मी शिकवली. ‘कमल’ ही तीन अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. चार दिवसांत तिला ती यायला लागली. पहिली सही जमली तेव्हा ती वही लांब धरून म्हणाली, “ह्ये मीच का?” मग बाकीच्या बायकांना दाखवून आली. त्या म्हणाल्या, “आता कमळी साहेबीन झाली, हिच्याकडनं रजा मागावी लागंल.” ती म्हणाली, “मागा की. देनार नाय.”

मुंबईवाल्यांचे एक साहेब होते, खारकर. ते दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचे. गोरे, टापटीप, बुटावर रुमाल फिरवल्याशिवाय गाडीत न बसणारे. ते यंत्राकडं थोडं आणि वह्यांकडं जास्त बघायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, “वहीत खाडाखोड दिसली की मला संशय येतो. स्वच्छ वही म्हणजे स्वच्छ काम.” मी ते वाक्य गाठीला बांधलं. पुढच्या वेळी माझी वही बघून ते अण्णांना म्हणाले, “अशी वही आमच्या मुंबईच्या फॅक्टरीतसुद्धा नाही.” अण्णांनी त्या दिवशी शहरातून इमरती आणल्या. मला वाटतं माझ्या आयुष्यात मला तेवढा अभिमान कधीच वाटला नाही, पुढं जे काही मिळवलं त्याचाही नाही.

अडचण एकच होती. कमलबाईचे हात. दुपारी सही करायला यायची ती गेरूनं माखलेली, आणि दर सहीशेजारी एक तांबडा अंगठा उठायचा. मी तिला हात धुवून यायला सांगायचे, तर ओल्या बोटांनी शाई फुटायची. मग मी एक युक्ती काढली, आणि ती मला तेव्हा फार हुशारीची वाटली. एमआयडीसीत शुक्रवारी वीज बंद असायची, म्हणून आमची सुट्टी शुक्रवारी. शनिवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी, हात कोरे असताना, कमलबाईकडून आठवड्याच्या सगळ्या रकान्यांत सह्या घ्यायच्या. ‘निरंक’ मी शुक्रवारी घरी बसून एकाच शाईत, एकाच तिरप्या वळणात लिहून ठेवायचे. तारखा, वेळा, निरंक, निरंक, निरंक. काही सापडलं तर बघू, असं मनाशी म्हटलं असेन. सापडत काहीच नव्हतं. एकदा कमलबाईनं विचारलं, “ताई, आजून बघितलंच नाय तर सही कशाची?” मी म्हटलं, “तुम्ही बघणारच आहात ना?” ती म्हणाली, “त्ये तर हायच.” आणि ती खरंच बघायची. वहीत सगळं आधी लिहिलेलं असूनही दर दोन तासांनी पट्टी ओढून, फडकं दाराशी नेऊन, उजेडात धरून बघायची. हे मला लिहून ठेवायचंच आहे.

तो मंगळवार होता. गुरुवारी खारकर साहेब येणार होते. मी टेबलाशी बसून वह्यांना नवी कव्हरं घालत होते. कमलबाई फडकं मुठीत धरून आली आणि माझ्यापुढं उघडलं. नखाएवढा लोखंडाचा कपचा, एका बाजूनं चकचकीत.

“ताई, ह्ये बघा. जाळी बी फाटल्यावानी वाटतीय. गिरनी बंद करा.”

मी कपचा बघितला आणि मग वही बघितली. मंगळवार, दुपारी दोन, निरंक, कमल. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर अक्षर. ते खोडायचं, वर कपचा लिहायचा, दोन तासांचा माल बाजूला काढायचा, आणि परवा साहेबांपुढं ते पान उघडायचं. आणि एक रकाना खोडला की बाकीचे आधी लिहिलेले आहेत हेही कळणार, कारण बुधवारचंही निरंक तयार होतं.

“सापडला ना? मग निघाला,” मी म्हटलं. “चुंबकानं त्याचं काम केलं. जाळी संध्याकाळी बदलू.”

“एक घावला म्हंजी एकच व्हता का?”

“कमलबाई, तुम्ही तुमचं काम करा.”

ती फडकं झटकून गेली. अण्णा तेव्हा दारात उभे होते, ट्रकवाल्याशी बोलत, आमच्यापासून चार पावलांवर. संध्याकाळी जाळी काढली तर ती दोन बोटं जाईल एवढी फाटलेली होती. नवी बसवली. भरलेले डबे बुधवारी रवाना झाले. गुरुवारी खारकर साहेब आले, वही बघितली, छान म्हणाले, आणि आईच्या हातचा चिवडा खाऊन गेले.

दीडेक महिन्यानं मुंबईहून पत्र आलं. अमुक क्रमांकाच्या डब्यात लोखंडाचा तुकडा निघाला होता. वापरणाऱ्याच्या हिरडीत तो घुसला, पू झाला, दवाखान्यात न्यावं लागलं. पाठोपाठ खारकर साहेब स्वतः आले. या वेळी त्यांनी चहा घेतला नाही. क्रमांकावरून दिवस निघाला आणि दिवसावरून वहीतलं पान. टेबलाशी ते, अण्णा आणि मी, आणि समोर उभी कमलबाई, हात पदराला पुसत.

“ही सही तुमची?”

“व्हय, माहीच हाय.”

“दुपारी दोन. निरंक. म्हणजे तुम्हाला काही सापडलं नाही.”

“घावलं व्हतं साहेब. येवढा कपचा. म्या ताईला दावला.”

“मग निरंक का लिहिलंत?”

“म्या लिवत नाय साहेब. म्या सही करती.”

खारकर साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “दाखवला होता का यांनी?”

मला सगळं आठवत होतं. फडक्याचा फाटका कोपरा, कपच्याचा आकार, मी हातात धरलेल्या कव्हराच्या कागदाचा रंगसुद्धा. मला आयुष्यभर सगळं आठवत आलं आहे, त्यावर मी पोट भरलं आहे.

“मला आठवत नाही,” मी म्हटलं.

कमलबाईनं माझ्याकडं बघितलं नाही. ती अण्णांकडं वळली. “अण्णा, तुमी दारातच व्हता की.”

अण्णा टेबलावरची भुकटी बोटानं गोळा करत होते. “गिरणीच्या आवाजात काय ऐकू येतंय कमलबाई,” ते म्हणाले.

साहेबांनी बॅगेतून एक छापील फॉर्म काढला. त्यात दोन चौकटी होत्या. एकीत कारण, दुसरीत केलेली उपाययोजना. ते अण्णांना शांतपणे समजावत होते की मुंबईला या दोन चौकटी भरून हव्या असतात. यंत्राचा दोष लिहिला तर पुरवठा थांबवून चौकशी होईल आणि काम दुसऱ्या कुणाला जाईल. व्यवस्थेचा दोष लिहिला तरी तेच. माणसाचा दोष असेल तर माणूस बदलला की प्रकरण मिटतं. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, उलट आम्हाला वाचवण्याची कळकळ होती. मग त्यांनी फॉर्म माझ्यापुढं सरकवला. “तुझं अक्षर चांगलं आहे.”

मी लिहिलं. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. उपाययोजना: सदर कामगारास कामावरून कमी केले. कमलबाई तिथंच उभी होती. मी काय लिहिते आहे ते तिला वाचता येत नव्हतं, एवढाच काय तो आडोसा.

अण्णांनी तिला दोन महिन्यांचा पगार पुढं केला. तिनं झालेल्या दिवसांचा तेवढा घेतला. डोक्याला बांधायचं फडकं घडी करून खिळ्याला अडकवलं आणि बाकीच्या बायकांना म्हणाली, “येते गं.” कुणी काही विनोद केला नाही. ओळीतल्या दुसऱ्या शेडवाल्यांनीही तिला घेतलं नाही, कारण तक्रारीची बातमी तोवर सगळीकडं गेली होती. महिन्याभरात मुलांची शाळा सोडवून ती बिडकीनकडं भावाच्या गावाला गेल्याचं कळलं. रोजंदारीनं दुसऱ्यांच्या शेतात जात होती.

साहेब येऊन गेले त्या रात्री जेवताना आईनं विचारलं, “कमलबाईला दिसला नाही कपचा? तिला तांदळातला खडा उंबऱ्यातून दिसतो.” अण्णा म्हणाले, “भाकरी वाढ.” आईनं वाढली. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा कधी काही विचारलं नाही. शेजारीणबाईंना मंजनाची पुडी देणं तिनं बंद केलं, एवढंच.

मुंबईवाल्यांचं काम आमच्याकडं आणखी चार वर्षं राहिलं. नंतर त्यांना दुसऱ्या राज्यात मोठा कारखाना मिळाला आणि तीन ओळींचं पत्र आलं. हसरी मुलगी तशीच हसत राहिली, फक्त डब्याच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला पत्ता बदलला. दुकानात कुणालाही फरक कळला नाही. जे वाचवण्यासाठी मी खोटं बोलले ते एवढंच होतं.

पुढं मी याच धंद्यात आले. गेली तीस वर्षं मी मोठ्या कंपन्यांच्या वतीनं छोट्या शेडमधून फिरते, वह्या बघते, त्या दोन चौकटी भरून घेते. माझा लौकिक असा आहे की मी फार कडक आहे. फार स्वच्छ वही समोर आली की मी ती बाजूला ठेवते आणि जो प्रत्यक्ष काम करतो त्याला बोलवायला सांगते. मालक अस्वस्थ होतात. माझे सहकारी याला माझी पद्धत म्हणतात आणि नव्या मुलांना शिकवतात. मी त्यांना ही पद्धत कुठून आली ते सांगितलेलं नाही.

अण्णा असेपर्यंत मी गप्प राहिले. त्यांच्या देखत त्यांना खोटं ठरवणं नको, असं मी स्वतःला सांगत होते. ते गेल्यावर ते कारण संपलं, आणि मला कळलं की ते कारण कधी नव्हतंच. तरी आणखी वर्ष गेलं. मग एका शुक्रवारी मी बिडकीनला गेले.

कमलबाई मुलाच्या घरापुढं पत्र्याच्या सावलीत तुरी निवडत बसली होती. केस पांढरे, पाठ वाकलेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मी नाव सांगितलं. तिनं हातानंच जागा दाखवली. तिचा मुलगा कुठल्या तरी कंपनीत कामाला होता, सून पाणी देऊन आत गेली. मी बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरले.

“कमलबाई, तुम्ही कपचा दाखवला होतात. मला आठवत होतं.”

“व्हय,” ती म्हणाली. तिचं निवडणं चालू होतं. “येवढंच सांगाया आलाव?”

“हो.”

“बरं केलं.” सुपातला खडा तिनं बोटानं बाजूला उडवला. “लई राग व्हता ताई. अण्णांचा जास्ती. तुमी तर पोर व्हता. पोरास्नी शाळंतनं काढलं तवा लई शिव्या दिल्या तुमास्नी. मंग कामाच्या रगाड्यात कवा ऱ्हायला नाय ते कळलं बी नाय.” मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. “कुनाला लागलं व्हतं ओ त्ये?”

मला आधी समजलं नाही.

“डब्यातलं. कुनाच्या तोंडात गेलं? बाई व्हती, बाप्या व्हता, का लेकरू?”

मी म्हटलं, माहीत नाही. पत्रात फक्त डब्याचा क्रमांक होता. गिऱ्हाइकाचं नाव कंपनी आम्हाला कळवत नसे.

“आन तुमी इचारलं नाय?”

“नाही.”

“म्या इचारनार व्हते त्या साहेबाला. पन त्यानं मला फुडं बोलूच दिलं नाय.” ती सूप मांडीवर ठेवून बसली. “म्या बघत व्हते ना चुंबक. दुसरा बी हाय म्हून मला वाटलं व्हतं. गिरनीचं बटन काय लांब व्हतं का? दाबलं आस्तं तर काय तुमी मला मारलं नस्तं. तुमी म्हनला काम करा, म्या केलं. सकाळी पोरं दात घासाया बसली की मला त्येच याचं. नीट झालं आसंल का नाय त्ये मानूस.”

इतक्या वर्षांत मी माझा गुन्हा सगळ्या बाजूंनी तपासला होता असं मला वाटत होतं. कमलबाईचं काम, तिची मुलं, अण्णा, मी. त्या हिरडीतून रक्त आलेल्या माणसाची बाजू माझ्या मनात एकदाही आली नव्हती. तो आमच्यासाठी डब्यावरचा क्रमांक होता, आणि मी त्याला क्रमांकच ठेवलं. त्याची काळजी शेतात रोजानं जाणाऱ्या एका बाईनं एकटीनं केली होती.

सुनेनं चहा आणला. कमलबाईनं स्वतःचा कप माझ्याकडं सरकवला, त्यात साखर जास्त आहे म्हणून.

“ती कंपनी हाय का आजून?” तिनं विचारलं.

“आहे.”

“त्यांच्याकडं लिवलेलं आसंल?”

“असेल कदाचित. इतक्या जुन्या गोष्टी ठेवतात की नाही, सांगता येत नाही.”

“मंग इचारा की,” ती म्हणाली, आणि पुन्हा सूप उचललं.